पाण्याचा कस

अगेरानिओस महिना, शुद्ध चतुर्थी

आजही पाणीच! पाहुणे आले होते, म्हणून वाइन मिसळायचा मान आमच्या ह्यांचा. एक भांडं वाइन, तीन भांडी पाणी — शेंबड्या पोरालाही येतं. ह्यांनी पाच घातली. वर आणखी एक, "अजून काळीकुट्टच दिसतेय" म्हणून! पाहुणे सभ्य. एकाने पेला उजेडात धरला, माझ्याकडे बघितलं आणि गुपचूप प्यायला. पण सासूबाई गप्प बसल्या तर त्या सासूबाई कसल्या! म्हणाल्या, "बाक्खिओस, यात मासे सोडले तर जगतील रे."

बाक्खिओस! नाव ठेवलंय वाइनच्या देवावरून. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

आणि गंमत म्हणजे अख्ख्या मितिलीनी शहरातून ह्यांना निवडलंय ते मिसळण्यासाठीच. वाइन नव्हे, सोनं. सोन्यात चांदी किती घालायची ते हे ठरवणार, मग त्याच्या सहाव्या पडणार, म्हणजे मोठ्या नाण्याचा सहावा हिस्सा. हरभऱ्याएवढं नाणं, पण इथून फोकायापर्यंत कुणीही डोळे मिटून घेतं. एक वर्ष आम्ही पाडायच्या, एक वर्ष समुद्रापलीकडच्या फोकायाने. यंदा आमची पाळी, आणि आता वर्ष संपत आलंय. बाहेर मोठे मिसळणारे, घरात हा उजेड.

परवा मोठा रांजण माझ्या हातून फुटला. सासूबाईंना सांगितलं, मांजराने पाडला. खापऱ्या टाकवेनात, म्हणून त्यांच्यावर लिहायला घेतलंय. वडील मुलांना अक्षरं शिकवायचे, मी दाराआड बसून शिकले. ती कुठेतरी वापरायला नकोत? कुणी वाचायचं नाही. वाचलंच तर मांजराने लिहिलंय.

शुद्ध षष्ठी

दुपारी मसूर, जवाची भाकरी आणि कालचेच ऑलिव्ह. हे आले, हात धुतले, आणि रोजच्यासारखा कमरेतून कसाचा दगड काढला. काळा, गुळगुळीत, त्यावर दोन पिवळ्या रेघा ओढलेल्या. वरची देवळात ठेवलेल्या, नेमक्या कसाच्या नमुन्याच्या सुईची, खालची आजच्या भट्टीची. "सांग आंथिस, जास्त पिवळी कुठली?"

वर्षभर हा खेळ चाललाय! नदीच्या वाळूतलं सोनं, त्याच्यात आधीच कमी-जास्त चांदी असते, म्हणून कस बघूनच पुढचं ठरवायचं असतं म्हणे. ते ठरवा की भट्टीपाशी! भट्टी सोडून, टेकडी चढून, घामाघूम होऊन घरी यायचं आणि बायकोला विचारायचं?

मी म्हटलं, "अहो, तुम्हाला काय दिसतं ते सांगा ना आधी."

म्हणाले, "मला तू दिसतेस."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली! पोरीच्या पोरी रांगायला लागल्या! सासूबाई शेजारी बसून कान टवकारून ऐकत होत्या. मी लाजून मान खाली घातली आणि सांगितलं — खालची पिवळी, पण केसभर. हे "बरं" म्हणाले, तिथल्या तिथे दोन भाकऱ्या हाणल्या आणि पुन्हा उतरले.

दोन्ही सारख्याच म्हटलं की मात्र स्वारी खूश! त्या दिवशी जेवण झाल्यावर पडतात थोडं.

शुद्ध अष्टमी

नव्या सहावीवर बोकडाचं डोकं आलंय. सासूबाईंच्या धाकट्या भावाला समोर बसवल्याशिवाय कारागिराला ते जमणं शक्य नाही.

शुद्ध दशमी

आज मी ह्यांची फिरकी घेतली!

दगड पुढे आला. वरची रेघ स्पष्ट पिवळी, खालची फिकी — आंधळ्यालाही दिसावी. मला काय लहर आली कोण जाणे. म्हटलं, "खालची! खालची चांगलीच पिवळी आहे हो." तोंड वळवून भाकरी थापायचं नाटक केलं. हसू दाबायचा किती प्रयत्न केला! ओठ चावले, खोकले, तरी शेवटी नाकातून आलंच थोडं.

ह्यांनी दगड कमरेला खोचला. म्हणाले, "खालची का? बरं." आणि गेले. चिडले नाहीत, 'डोळे फुटले का' म्हणाले नाहीत. काय मज्जा त्यात! मला वाटलं होतं भांडतील, मग मी 'हरलात' म्हणेन. संध्याकाळी सांगायचं ठरवलं होतं. तर धाकटी लेक पोरांना घेऊन आली, त्या गडबडीत राहूनच गेलं.

पौर्णिमा

ह्यांनी आज कमाल केली. सासूबाईंची जांभळी शाल पांघरून सभेला गेले! स्वतःची तपकिरी खुंटीवर तशीच. भर चौकात लोक विचारत होते, "आईसाहेब, आज इकडे कुठे?" घरी येऊन मलाच म्हणतात, "सांगायचं नाही का?" आता मी काय दाराशी उभी राहून ह्यांचे कपडे तपासू?

सासूबाई दिवसभर रुसून बसल्या. शालीला माशांचा वास येतोय म्हणे.

वद्य द्वितीया

पाणवठ्यावर आज गर्दी. शेजारची लिसिप्पे नवऱ्याच्या तक्रारी सांगत होती — हा घोरतो, ह्याला दात नाहीत, हा माझ्या बहिणीकडे बघतो. सगळ्याजणी आपापल्या घरातलं काढायला लागल्या. माझी पाळी आली. मी घागर कमरेवर घेत म्हटलं, "बायांनो, आमच्या ह्यांचं विचारूच नका. पाणी घालतात! मिसळायला बसले की हात आवरत नाही. सगळं पाणचट करून ठेवतात!"

असा हशा पिकला! लिसिप्पे तर घागर ठेवून खाली बसली. येताना वाटेत पुन्हा पुन्हा म्हणत होती, "पाणचट! अगं बाई, पाणचट!"

असं बोललं की दिवस बरा जातो.

अमावस्या

वर्ष संपलं. भट्टी थंड. मिसळायची पाळी आता फोकायाची. हे म्हणाले, "सुटलो." दगड फडताळात, मिठाच्या मडक्यामागे. दुपारी घरीच होते, पण रेघा नाहीत, प्रश्न नाही. भाकरी खाल्ली आणि अंजिराच्या झाडाखाली जाऊन बसले.

खरं सांगू, खापरे? मला चुकल्यासारखं झालं.

देइओस, शुद्ध एकादशी

आज अक्षरं वाकडी येतील.

सकाळी लिसिप्पे आली. तोंड पांढरंफटक. दारातच म्हणाली, "आंथिस, मला मार. मला दोन थोबाडीत मार." माझं पाणवठ्यावरचं बोलणं तिने हसत हसत नवऱ्याला सांगितलं. त्याने हसत हसत बंदरावर सांगितलं. तिथे फोकायाचा एक व्यापारी बसला होता, अपातूरिओस नावाचा. तो हसला नाही. तो उठला आणि थेट अधिकाऱ्यांकडे गेला: "तुमच्या मिसळणाऱ्याची बायकोच चारचौघींत सांगते की तो पाणी घालतो, पाणचट करतो."

मला आधी कळेचना. वाइनचं कुणाला काय पडलंय? मग लिसिप्पेने हाताला धरून चौकातल्या दगडापाशी नेलं. दोन शहरांचा करार कोरलेला तो दगड! रोज त्याच्या सावलीत कांदे घेते, कधी वाचला नव्हता. आज वाचला. *मिसळणाऱ्याने जाणूनबुजून सोनं पाणचट केलं असं ठरलं, तर त्याला मरण.*

पाणचट! हाच शब्द, अक्षर न् अक्षर हाच. सगळ्या भाषेत करार लिहिणाऱ्यांना दुसरा शब्द मिळाला नाही? आणि मलाही नाही?

तोंडचं पाणी पळालं. कांदेवाली विचारत होती, "ताई, किती देऊ?"

शुद्ध द्वादशी

ह्यांना मीच सांगितलं. सांगताना हुंदके. उचलली जीभ लावली टाळ्याला — सगळं बोलून घेतलं स्वतःला. हे अंजिराखाली ऐकत बसले. मग म्हणाले, "तू वाइनबद्दल म्हणालीस ना?"

"हो."

"मग खरंच बोललीस की! पाणी जास्त होतंच."

म्हटलं, "अहो, तुमचं डोकं जाईल! मी येते तिथे. मी सांगते."

"बायकांना बोलू देत नाहीत तिथे. आणि तुला बोलू दिलं तर फोकायाशी लढाईच जुंपेल."

ह्यांना अशा वेळी चेष्टा सुचते! मला ह्यांचा राग आला, आणि ह्यांच्याशिवाय एक दिवस कसा जाईल ते कळेना. दोन्ही एकदम.

पण एक खटकलं. "सोनं तर बरोबरच असणार ना?" मी विचारलं. ह्यांनी खाली पडलेलं अंजीर उचललं, चाचपलं, पिकलेलं आहे का ते वास घेऊन बघितलं. मग म्हणाले, "माझ्या हिशेबाने बरोबर आहे."

शुद्ध त्रयोदशी

सासूबाई मला काही बोलल्या नाहीत. ह्याच्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं. आज शेवटी देवीला कबुतर वाहून आल्या आणि म्हणाल्या, "रांजण मांजराने फोडला नव्हता, ते मला त्याच दिवशी कळलं होतं. तुझी जीभ आणि तुझे हात, दोन्ही सैल. पण पोरी, तुझ्या मनात पाप नाही, हे मला माहीत आहे." सोनारानेच कान टोचावेत! मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडले. त्यांचा गुडघा दुखतो, तरी हलल्या नाहीत.

वद्य प्रतिपदा

आज वाइन मी मिसळली. एकास तीन. लिसिप्पेचा नवरा माफी मागायला आला होता, त्याने घोट घेतला: "वा! अशी हवी." ह्यांनी पेल्यात बघितलं आणि म्हणाले, "किती दाट केलीस गं!" दोघे एकाच भांड्यातलं पीत होते.

लिसिप्पेचा नवरा पुनःपुन्हा म्हणत होता, "फोकायावाले आपल्याला आधीपासून पाण्यात पाहतात." मी म्हटलं, "आजच्या दिवस 'पाणी' हा शब्द काढू नका हो माझ्या घरात."

वद्य चतुर्थी

निवाडा परवा. वर्षाच्या बारा महिन्यांतली एकेक सहावी काढून कसाला लावणार.

आज एकदम आठवलं — मागच्या महिन्यातल्या शुद्ध दशमीचा तो दिवस! मी मुद्दाम उलटं सांगितलं होतं! हातातलं सूत गळून पडलं. तो महिना शेवटचा, त्यातलीही सहावी निघणार. समजा, फिक्या सोन्याला ह्यांनी पिवळं मानलं आणि वर आणखी चांदी घातली —

छे! माझंही काहीतरीच. शहराचा मिसळणारा काय बायकोच्या सांगण्यावर सोनं मिसळतो? तो खेळ होता. भट्टीपाशी जाऊन स्वतः बघितलंच असेल ना.

विचारावं का? पण आता ह्यांच्या डोक्याला आणखी एक भुंगा कशाला लावू!

वद्य षष्ठी

सकाळपासून लिसिप्पेच्या गच्चीवर आम्ही तिघी — मी, ती आणि सासूबाई. खाली चौक माणसांनी फुललेला. हे मधोमध, तपकिरी शालीत. आज मी स्वतःच्या हाताने पांघरली होती. अपातूरिओस पुढे, छाती काढून. वाटलं होतं कुणी राक्षस असेल. तर साधा टकल्या माणूस, सर्दी झालेला!

पारखणारे दोन, एक आमचा, एक त्यांचा. देवळातून नमुन्याची सुई आणली. वरती सुईची रेघ, खाली सहावीची. दगड उन्हात तिरका करायचा, बघायचं, आणि दोघांनी एकदम बोलायचं — "सारखी." एक झाली. दोन झाल्या. मी बोटं दुमडत होते, सासूबाई माझा हात गच्च धरून होत्या, त्यामुळे मोजणं चुकत होतं. अकरा झाल्या.

बारावी बोकडाची. रेघ ओढली, दगड तिरका केला. फोकायाच्या पारख्याने दगड तेल लावून पुसला, पुन्हा ओढली. आमच्याने मान खाली घालून बघितलं. मला दुसरं काही दिसेना, ह्यांची मान तेवढी दिसत होती. मागून केस वाढले होते, कापायचे राहिले होते.

"सारखी."

सासूबाईंनी माझा हात सोडला.

पण अपातूरिओस ऐकेना! "मग बायको असं का म्हणाली? बायको उगाच म्हणेल?" तेव्हा लिसिप्पेचा नवरा पुढे आला आणि ओरडला, "अहो, वाइनबद्दल म्हणाली! ह्याला वाइन मिसळू द्या, मग बघा!" लोक हसले. अधिकारीही वैतागलेले, उन्हात घामाने भिजलेले, म्हणाले, आणा. भांडं आलं, वाइन आली, पाणी आलं. हे शांतपणे मिसळायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच... सहावं भांडं ओतलं तेव्हा चौकातून आवाज उठला. "आता पुरे?" अधिकाऱ्याने विचारलं. हे वाकून बघत म्हणाले, "अजून जरा गडद आहे."

पहिला पेला अपातूरिओसला. त्याने घोट घेतला. तोंड वाकडं केलं. सर्दीतही कळलं त्याला! म्हणाला, "ही वाइन आहे की पाय धुतलेलं पाणी?"

अख्खा चौक हसत होता. अधिकाऱ्यांनी हात वर करून निकाल दिला: सोनं कसाला उतरलं, वाइन पाणचट, वाइनसाठी दगडावर शिक्षा लिहिलेली नाही.

मी गच्चीवरून धावत खाली आले. डोक्यावरचा पदर वाटेत कुठे पडला, कळलं नाही.

वद्य सप्तमी

अपातूरिओसने खारवलेल्या माशांची टोपली पाठवली, माफीदाखल. सोबत निरोप: 'ताई, शब्द जपून वापरा.' मीही निरोप पाठवला: 'दादा, नाक शिंकरून ऐका.'

आज दुपारी मासे, कांदे, मधातले तीळ. हे जेवले, हसले, सासूबाईंनीही दोन पेले घेतले. एकास तीन, मी मिसळलेली. गावात ह्यांचं नावच पडलंय — बेडूकराव. मी म्हटलं, "अहो बेडूकराव, पाणी हवंय?" म्हणाले, "तुझ्या हातचं दे."

घर पुन्हा माझंच झालं. देवा, असंच राहू दे.

तेर्फेइओस, शुद्ध प्रतिपदा

सभेने पुढच्या पाळीलाही ह्यांनाच निवडलं. ह्यांनी नाही म्हणून सांगितलं! मी विचारलं, का? अंजिराखाली बसवलं मला.

"वैद्य म्हणतो, डोळ्यांत पाणी उतरलंय. दीड वर्ष झालं. पिवळं-पांढरं कळत नाही मला. सगळं काळपट दिसतं."

"मग वर्षभर सोनं पारखलं कुणी?"

"तू."

"अहो, पण त्या दशमीला मी खोटं सांगितलं होतं! गंमत म्हणून!"

"माहीत आहे," म्हणाले. "तुझ्या आवाजात हसू होतं. म्हणून मी भट्टीवर जाऊन तू सांगितलंस त्याच्या उलट केलं."

खापरे, त्या दिवशी मला हसू दाबता आलं असतं तर!